जुना कायदा पाठ असलेला माणूस

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या एका दिवंगत व्यक्तीबद्दल लिहावं, असं बॅचच्या ग्रुपवर ठरलं आणि पहिल्या तासाभरातच सावित्रीबाई, टिळक, आंबेडकर, रमाबाई रानडे ही सगळी नावं वाटून संपली. मी शेन जियाबेन हे नाव टाकलं तेव्हा बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग एकाने हसरा चेहरा टाकला. चीनमध्ये कायदा शिकणाऱ्याला हे नाव ठाऊक नसणं म्हणजे आपल्याकडे वकिलाने आंबेडकरांचं नाव न ऐकण्यासारखं आहे. आपल्याकडे मात्र त्यांची ओळख नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी आपल्याच वर्गातली एक आठवण. आठवी 'ब' मध्ये खिडकीची काच फुटली होती आणि कुणी फोडली ते कुणीही सांगितलं नव्हतं. सगळ्या वर्गाला दोन तास हात वर करून उभं केलं होतं. मी पहिल्या बाकावरची, काचेपासून सर्वांत लांब, तरीही उभी. तेव्हा हात दुखले त्यापेक्षा जास्त राग आला होता. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना शिक्षा, या गोष्टीला चिनी कायद्यात शतकानुशतकं अधिकृत स्थान होतं आणि तिथे प्रश्न हात दुखण्याचा नसून मुंडकी उडण्याचा होता. राजद्रोह केलेल्या माणसाचा बाप, भाऊ, मुलगे यांनाही मारत. ही पद्धत कायद्यातून काढून टाकणारे गृहस्थ म्हणजे शेन जियाबेन. (काच कुणी फोडली हे मला माहीत आहे. तोही हे वाचणार आहे.)

मला ते भेटले ते २०१९ साली. कामानिमित्त तीन आठवडे बीजिंगला होते. एका रविवारी तिथल्या सहकारी मैत्रिणीने मला शहराच्या जुन्या भागात, जिनजिंग नावाच्या गल्लीतल्या एका वाड्यात नेलं. शेन यांनी आयुष्याची शेवटची बारा-तेरा वर्षं तिथे काढली. आत त्यांच्या पुस्तकांसाठी बांधलेली दुमजली इमारत आहे. मैत्रीण सांगत गेली आणि मला आमच्याच धंद्यातली गोष्ट ऐकल्यासारखं वाटत गेलं. परत आल्यावर मिळेल ते वाचलं. त्यातून हा लेख.

शेन यांचा जन्म १८४० सालचा, झेजियांग प्रांतातल्या आजच्या हूझोउ गावचा. पहिलं अफूचं युद्ध पेटलं तेच हे वर्ष. वडील राजधानीतल्या दंडखात्यात अधिकारी होते, त्यामुळे बालपण बीजिंगमध्ये गेलं. १८६४ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तेही त्याच खात्यात चिकटले. पुढच्याच वर्षी प्रांतिक परीक्षा पास झाले. वरची पदं मिळायची तर राजधानीतली सर्वोच्च परीक्षा पास होणं आवश्यक. ती पास व्हायला १८८३ साल उजाडलं. मधली अठरा वर्षं दिवसा फायली आणि रात्री अभ्यास. निबंधातलं शास्त्रीय चिनी गद्य घोटायचं, नापास व्हायचं, पुन्हा घोटायचं. त्या परीक्षेत कायद्याला फारशी किंमत नव्हती, हे त्यातलं आणखी एक दुखणं. पास झाल्यावर मात्र त्यांनी परीक्षेची पुस्तकं बाजूला ठेवली आणि पूर्ण वेळ कायद्यात घातला. तेव्हा त्यांचं वय त्रेचाळीस होतं. आज आपल्यापैकी बहुतेकांचं जे वय आहे, साधारण तेच.

हा कायदा काय होता ते थोडं सांगायला हवं. छिंग घराण्याच्या दंडसंहितेत ४३६ मूळ कलमं होती. १७४० साली ती पक्की झाली आणि त्यानंतर त्यांना हात लावायचा नाही असा दंडक होता. पूर्वजांनी केलेला कायदा, बदलणार कसा? मग नवी परिस्थिती आली की मूळ कलम तसंच ठेवून खाली पोटकलम जोडायचं. १८७० पर्यंत पोटकलमांची संख्या १८९२ झाली. काही एकमेकांच्या विरुद्ध, काही ज्या कारणासाठी आली ते कारणच संपलेलं, काही एकाच खटल्यावरून बादशहाच्या लहरीनुसार घातलेली. १८७० नंतर तर फेरतपासणीही थांबली. आमच्या भाषेत याला पॅचवर पॅच म्हणतात. जुना प्रोग्रॅम कुणी उघडून बघत नाही, कारण उघडला तर काय कोसळेल हे कुणाला सांगता येत नाही.

त्यात एखाद्या कृत्याला एकही कलम लागू होत नसेल, तर त्यातल्या त्यात जवळचं कलम लावून शिक्षा देण्याची मुभा होती. म्हणजे कायद्यात नसलेल्या गुन्ह्यालाही शिक्षा होऊ शकत होती. आणि सगळ्या साम्राज्यातल्या मृत्युदंडाच्या फायली शेवटी राजधानीत येत. दर शरद ऋतूत लांबणीवर टाकलेल्या मृत्युदंडांची यादी पुन्हा तपासली जाई: कुणाला मारायचं, कुणाला ठेवायचं. या कामातले शेन हे खात्यातले जाणकार. हजारो माणसांच्या जिवाचे कागद त्यांच्या टेबलावरून गेले असणार.

खात्यात त्यांचे एक ज्येष्ठ होते, श्वे युनशेंग. पोटकलमांच्या त्या जंगलातलं प्रत्येक झाड कुठून आलं, कधी आलं, आता त्याची गरज आहे का, हे त्यांनी आयुष्यभर लिहून ठेवलं. १९०१ मध्ये ते वारले तेव्हा ग्रंथ छापलेला नव्हता. तो १९०५ मध्ये छापून निघाला, त्यामागे शेन यांची खटपट होती आणि प्रस्तावनाही त्यांचीच. या दोघांचं एक वेड समान होतं, ते म्हणजे तांग घराण्याच्या काळातली, सातव्या शतकातली दंडसंहिता. १८९० च्या सुमारास दंडखात्याने ती नव्याने छापली, तिलाही शेन यांनी प्रस्तावना लिहिली. हे वेड पुढे फार कामाला आलं.

१८९३ साली त्यांना तियानजिनचं प्रमुखपद मिळालं. इथली एक गोष्ट मला लपवावीशी वाटत नाही. सुरुवातीला त्यांनी सौम्य कारभार केला. त्याचा फायदा घेऊन गुंडांच्या टोळ्यांनी भर बाजारात दंगा केला. शेन यांनी चौघांना पकडून त्यांची मुंडकी उडवली. पुन्हा दंगा झाला नाही. क्रूर शिक्षा रद्द करणारा हा माणूस कोमल मनाचा साधुपुरुष होता असं चित्र रंगवलं तर ते खोटं ठरेल. देहदंड काय असतो ते त्यांनी कागदावर पाहिलं होतं आणि हुकूम देऊनही पाहिलं होतं.

१८९७ मध्ये ते बाओडिंगला आले. पुढच्या वर्षी तिथे सरकारी सैनिकांनी एका चर्चची मोडतोड केली आणि भरपाईच्या जागेवरून वाटाघाटी झाल्या. शेन यांनी जुनी कागदपत्रं काढून मिशनऱ्यांच्या काही मागण्यांना विरोध केला. तो राग मनात राहिला असं म्हणतात. १९०० साली बॉक्सर बंड झालं, परदेशी फौजा बीजिंगमध्ये घुसल्या आणि ऑक्टोबरमध्ये बाओडिंगलाही पोचल्या. बंडखोरांना मदत केल्याच्या आरोपावरून शेन यांना पकडण्यात आलं. त्यावेळी चीनमध्ये उतरलेल्या ब्रिटिश फौजेत बहुसंख्य शिपाई हिंदुस्थानी होते, हे वाचताना माझं मन जरा थबकलं. परदेशी सेनापतींनी नेमलेल्या न्यायमंडळाने प्रांताचा हंगामी प्रमुख टिंगयोंग आणि आणखी दोन अधिकाऱ्यांना देहदंड दिला. त्यांचा शिरच्छेद झाला. शेन यांच्याविरुद्ध पुरावा सापडला नाही, तरी त्यांना लगेच सोडलं नाही. सुटका झाली ती पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला. साठ वर्षांचा, सगळी हयात कायद्यात घालवलेला माणूस, आपल्याच शहरात, आपल्याच कचेरीच्या आवारात परक्यांच्या कायद्याखाली कैदी. सुटल्यावर ते शिआनला, पळून गेलेल्या दरबाराकडे गेले.

इथून त्यांचं खरं काम सुरू होतं. साठीनंतर.

चीनमध्ये तेव्हा परदेशी नागरिकांवर चिनी कायदा चालत नसे. ब्रिटिशाने शांघायमध्ये गुन्हा केला तरी त्याचा खटला ब्रिटिश न्यायालयात. कारण म्हणून सांगितलं जाई की चिनी कायदा रानटी आहे. १९०२ च्या करारात ब्रिटनने कबूल केलं की चीनने आपली न्यायव्यवस्था सुधारली तर हा हक्क सोडू. त्याच वर्षी दरबाराने कायद्यांच्या फेररचनेसाठी दोघांना नेमलं. एक शेन आणि दुसरे वू टिंगफांग. वू सिंगापुरात जन्मलेले, लंडनला बॅरिस्टर झालेले, इंग्रजी कायदा कोळून प्यायलेले. शेन यांना एकही परदेशी भाषा येत नव्हती. जोडी मोठी छान होती, पण वू काही वर्षांत अमेरिकेला वकील म्हणून गेले आणि भार एकट्या शेन यांच्यावर पडला.

परदेशी भाषा येत नसल्यामुळे त्यांनी भाषांतराचा ध्यास घेतला. १९०४ मध्ये कचेरी उघडली आणि जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी कायदे चिनीत आणायला सुरुवात झाली. भाषांतरकाराबरोबर बसून एकेका शब्दावर ते पुन्हा पुन्हा चर्चा करत. जपानहून ओकादा असातारो या दंडशास्त्राच्या प्राध्यापकाला बोलावलं. १९०६ मध्ये राजधानीत कायद्याचं विद्यालय सुरू केलं. थोड्याच वर्षांत जवळपास हजार विद्यार्थी तिथून बाहेर पडले. नवे कायदे करून उपयोग नाही, ते चालवणारी माणसंही तयार हवीत, हे त्यांना पहिल्यापासून कळत होतं.

एप्रिल १९०५ मध्ये त्यांनी आणि वू यांनी दरबाराला एक अर्ज सादर केला. लिंगची, म्हणजे देहाचे तुकडे करत मारण्याची शिक्षा, रद्द करावी. मुंडकं टांगून ठेवणं, मेलेल्याच्या प्रेताला शिक्षा देणं, नातेवाइकांना शिक्षा, चेहऱ्यावर गोंदणं, हेही सगळं रद्द करावं. त्या महिन्याच्या १० तारखेलाच बीजिंगच्या चौकात फुझुली नावाच्या माणसाला लिंगची दिली गेली होती. कुणा फ्रेंच सैनिकांनी काढलेले त्याचे फोटो आजही सापडतात, बघू नका. २४ तारखेला शिक्षा रद्द झाली. दोन आठवडे.

आता, हा अर्ज मंजूर कसा झाला? युरोपात असं नाही म्हणून आपणही बंद करू, एवढंच म्हटलं असतं तर तो फेटाळला गेला असता. शेन यांनी इतिहास काढला. तांग संहितेत मृत्युदंड दोनच: फास आणि शिरच्छेद. लिंगची तिथे नाही. ती नंतरच्या काळात शिरली. म्हणजे जिला पूर्वजांची परंपरा म्हणून कवटाळलंय ती परंपरा नाहीच, मधल्या कुणीतरी जोडलेला पॅच आहे. हे म्हणायला ४३६ कलमं आणि त्यांच्या मागचा हजार वर्षांचा इतिहास पाठ असावा लागतो. आणि पाठ असलेली माणसं त्या वेळी देशात बोटांवर मोजण्याइतकी होती.

एक स्वतःची गोष्ट सांगते. नोकरीत तिसऱ्या-चौथ्या वर्षी आमच्या टीमकडे बिलं काढणारा एक जुना प्रोग्रॅम आला. कोड इतका गलिच्छ होता की आम्ही तो वाचायचा कंटाळा केला आणि सरळ नवा लिहिला. नवा दिसायला फारच सुंदर होता. चालू केल्यावर पहिल्याच महिन्यात कित्येक ग्राहकांना चुकीची बिलं गेली, कारण त्या गलिच्छ कोडच्या मध्यात कुणीतरी एक अट घातली होती आणि तिला कारण होतं. दोन आठवडे आम्ही रात्री घरी गेलो नाही. तेव्हापासून जुनं मोडायची घाई करणाऱ्यांची मला धास्ती वाटते, आणि जुन्याला हातच लावू नका म्हणणाऱ्यांचीही. शेन यांचं काम या दोन्हींच्या मधलं होतं. त्यांनी नवी संहिता लिहायला घेतली तेव्हाच जुनीतली कालबाह्य कलमं गाळून एक मधली, तात्पुरती संहिताही तयार केली. ती १९१० मध्ये लागू झाली. नवीन चालू होईपर्यंत जुनं नीट चालायला हवं ना.

नवी दंडसंहिता १९०७ मध्ये मसुदा म्हणून तयार झाली. जवळचं कलम लावून शिक्षा देण्याची मुभा संपली. कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलं नसेल तर तो गुन्हा नाही. मृत्युदंड एकाच पद्धतीने, फाशीने, आणि तोही बंद जागेत, बाजारात नाही. यावर गदारोळ झाला. झांग झिडोंगसारखे बडे अधिकारी विरोधात गेले. ते गेल्यावर लाओ नाइश्वान नावाचे विद्वान उभे राहिले. हेही झेजियांगचेच, जुन्या विद्येत शेन यांच्याच तोलाचे.

वाद शेवटी दोन मुद्द्यांवर येऊन ठेपला. पहिला, आईबाप मारत असतील तर मुलाला स्वसंरक्षणाचा हक्क आहे का. दुसरा, अविवाहित मुलीने किंवा विधवेने स्वतःच्या इच्छेने संबंध ठेवला तर तो गुन्हा मानायचा का. शेन यांचं म्हणणं असं की हे नीतीचे, शिकवणुकीचे प्रश्न आहेत. दंडसंहितेत त्यांना जागा नको. लाओ यांचं म्हणणं की हे काढलं तर चीन चीन राहणार नाही. १९११ च्या जानेवारीत नव्या सल्लागार सभेत यावर मतदान झालं. शेन तेव्हा त्या सभेचे उपाध्यक्ष. निकाल, ७७ विरुद्ध ४२. शेन हरले.

या दुसऱ्या मुद्द्यापाशी बाई म्हणून मी अडखळले. व्यभिचाराचं ४९७ कलम आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं ते २०१८ साली. त्यात नवऱ्याची संमती असेल तर गुन्हा नाही अशी तरतूद होती, म्हणजे बायको जणू त्याची मालमत्ता. सत्तर वर्षांच्या एका गृहस्थाने राजदरबारच्या झग्यात उभं राहून, मुलीची इच्छा हा फौजदारीचा विषय नाही असं १९११ मध्ये म्हणावं, याचं मला आश्चर्य वाटतं. ते स्त्रीमुक्तीवाले होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. कायद्याचं काम कुठे संपतं याची त्यांना स्पष्ट कल्पना होती, इतकंच.

संहिता २५ जानेवारी १९११ रोजी जाहीर झाली. ४११ कलमं, आणि शेपटाला पाच तात्पुरती कलमं. विरोधकांच्या मागण्या त्या पाचात होत्या. ही तडजोड झाली, तरी शेन यांच्यावरचा राग शमला नाही. काही आठवड्यांतच त्यांना कायदा-सुधारणेचं काम आणि सभेचं उपाध्यक्षपद दोन्ही सोडावं लागलं. नऊ वर्षांचं काम असं संपलं. वर्षअखेरीस क्रांती झाली, युआन शिकाईच्या मंत्रिमंडळात ते थोडे दिवस न्यायमंत्री होते, आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये राजवटच संपली.

गंमत म्हणजे, राजवट गेली पण संहिता राहिली. नव्या प्रजासत्ताकाला घाईने कायदा हवा होता. त्यांनी हीच संहिता उचलली, राजेशाहीचे उल्लेख काढले आणि शेपटाची पाच कलमंही काढून टाकली. शेन तेव्हा हयात होते. नवीन सरकारने बोलावलं तरी तब्येतीचं कारण सांगून ते गेले नाहीत. जिनजिंग गल्लीतल्या त्या दुमजली ग्रंथालयात बसून लिहीत राहिले. निरनिराळ्या राजवंशांतल्या शिक्षा, तुरुंग, माफी, कायद्याची कलमं, या सगळ्यांचा धांडोळा घेणारा त्यांचा मोठा ग्रंथ ७८ खंडांचा आहे. चिनी दंडविधानाच्या इतिहासावर काम करणारा कुणीही आजही त्याच्यापासून सुरुवात करतो. ज्या कायद्याला त्यांनी निवृत्त केलं त्याचं सर्वांत पूर्ण चरित्र त्यांनीच लिहिलं.

९ जून १९१३ रोजी, त्र्याहत्तराव्या वर्षी, ते बीजिंगमध्ये वारले. पुढच्याच वर्षी युआन शिकाईने काढलेली ती कलमं नव्या पुरवणीच्या रूपाने परत आणली. मूळ संहिता मात्र १९२८ पर्यंत चालली. परदेशी नागरिकांवर चिनी कायदा लागू करण्याचं ते १९०२ चं वचन ब्रिटन आणि अमेरिकेने पाळलं १९४३ मध्ये, तेही महायुद्धाच्या रेट्याखाली.

शेन यांची कबर त्यांच्या गावाजवळ, हूझोउला आहे. तिथे मी अजून गेलेले नाही.